रंगाचा एक हात

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीकडून पैठण गेटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मागच्या अंगाला एक गल्ली आहे आणि त्या गल्लीत एका बंद पडलेल्या गोदामाची साधारण पंधरा फूट लांबीची भिंत आहे. गेली चार वर्षे मी ही एकच भिंत रंगवते आहे. अर्थात भिंतीवर नव्हे, घरी, प्लायवूडच्या फळ्यांवर. भिंतीच्या तळाशी चुन्यात नीळ कालवून दिलेला जुना रंग आहे आणि तो जिथे पोपडे धरून सुटला आहे तिथे विटा आणि पांढरी माती उघडी पडली आहे. त्या निळ्यावर गेरूने लिहिलेल्या एका घोषणेचा शेवट तेवढा उरला आहे. जिंदाबाद कोण होते ते पावसात वाहून गेले आणि नुसते 'जिंदाबाद' मागे राहिले. त्याच्या बाजूला एका बियाणे कंपनीच्या जाहिरातीतले फुटलेले कपाशीचे बोंड आहे, त्यावर खळीने चिकटवलेल्या आणि नंतर नखांनी ओरबाडून काढलेल्या शिकवणी वर्गांच्या पत्रकांचे कागदी धागे आहेत. 'येथे लघवी करू नये' या सूचनेतला 'नये' कोणीतरी खिळ्याने चिकाटीने खरवडून काढला आहे. डाव्या कोपऱ्यात कोळशाने ओढलेले तीन उभे स्टंप आहेत आणि त्यांच्यावर चेंडू आपटून आपटून उमटलेल्या धुळकट गोल ठिपक्यांची एक दाट रास आहे. मला विचाराल तर त्या भिंतीवरचा सर्वांत जिवंत भाग तोच आहे.

रंगाऱ्यांच्या बोलीत रंगाच्या एका थराला 'हात' म्हणतात. एक हात झाला, दुसरा उद्या, असे आपण घर रंगवून घेताना ऐकतोच. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले असले तरी त्याचा अर्थ मला या भिंतीसमोर उभे राहिल्यावर लागला. तिथे खरोखरच हातावर हात चढलेले आहेत. चुना देणाऱ्याचा हात, घोषणा लिहिणाऱ्याचा घाईचा हात, बोंड काढणाऱ्या पेंटरचा सराईत हात, पत्रक फाडणाऱ्याचा चिडलेला हात, आणि तोल सावरत एका गुडघ्यावर बसून स्टंप ओढणाऱ्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलाचा हात. यातला कोणताही हात चित्र काढायला आला नव्हता. प्रत्येकाला काहीतरी काम होते. तरीही त्या साऱ्यांच्या कामांतून जे उभे राहिले आहे त्याच्यापुढे माझ्यासारखी कलाशिक्षिका वही घेऊन ताटकळत उभी राहते.

चित्रकला आणि ग्राफिटी यांचा मेळ घालून शहरातल्या रोजच्या जागा रंगवणारी कला आता जगभर स्थिरावली आहे. मराठी वाचकाला मात्र 'ग्राफिटी' म्हटले की वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या, विटांच्या छापील भिंतीवर लिहिलेल्या कोटीबाज एकोळी आठवतात. त्या मलाही आवडत असत, परंतु त्या भिंतीला ना ओल होती ना पोपडे. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ ओरखडा असा आहे, आणि ओरखडा काढायचा तर काहीतरी आधी तिथे असावे लागते. कोऱ्या जागेवर काढलेली ती रेघ होते; आधीच्या हातावर, त्याची परवानगी न घेता काढलेला तो ओरखडा. या कलेचे सगळे सौंदर्य आणि सगळे भांडण या परवानगी न घेण्यात आहे, असे मला वाटते.

मराठवाड्यात राहून भिंतीवरच्या चित्रांविषयी लिहायचे आणि अजिंठा टाळायचा, हे जमणारे नाही. शाळेची सहल जवळजवळ दरवर्षी तिथे जाते आणि दरवर्षी मी मुलांना सांगते की हे रंग ओल्या चुन्यात मुरवलेले नाहीत. माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा खडकावर थापून, त्यावर चुन्याचा पातळ लेप देऊन, तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावलेले आहेत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना हे सगळे जवळपासचे. परंतु काही लेण्यांमधला निळा अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दी दगडाचा. मुले हे सारे नम्रपणे ऐकतात. त्यांचे डोळे चमकतात ते दहाव्या लेण्यात, जेव्हा मार्गदर्शक एका खांबावर विजेरीचा झोत टाकतो आणि तिथल्या बोधिसत्त्वाच्या चित्रावर कोरलेले एक इंग्रजी नाव दाखवतो. कॅप्टन जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. शिकारीच्या नादात या दरीपर्यंत आलेल्या मद्रास सैन्यातील या अधिकाऱ्याने, आपण इथे येऊन गेलो याची खूण म्हणून, धारदार काहीतरी घेऊन ते नाव खरवडले. आज ते नाव आपल्या डोक्याच्या बरेच वर दिसते, कारण तो ज्यावर उभा होता तो कित्येक फूट उंचीचा मातीचा आणि दगडगोट्यांचा ढीग नंतर उपसला गेला.

एका वर्षी सातवीतल्या एका मुलाने मला विचारले, "मॅडम, त्याला शिक्षा काय झाली?" हा प्रश्न साधा नव्हता, कारण त्याच आठवड्यात कर्कटकाने बाकावर नाव कोरल्याबद्दल त्याला मी वर्गाबाहेर उभे केले होते. शिक्षा झाली नाही, उलट त्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत गेले, हे खरे उत्तर मी त्याला दिले नाही. "पुढे चला, मागून दुसरी शाळा येतेय," एवढेच म्हणाले. मनातून मात्र तो प्रश्न गेला नाही. पाचव्या शतकातल्या चित्रकाराचा हात आणि तेराशेहून अधिक वर्षांनी त्यावर चाललेला स्मिथचा हात एकाच खांबावर आहेत आणि आता त्यांना वेगळे करता येत नाही. स्मिथने केले ते वाईटच होते. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने दुसऱ्याच्या भिंतीवर नाव कोरणे आणि ज्याला कुठेच जागा नाही त्याने कोळशाने स्टंप ओढणे, या दोन गोष्टींना मी एका मापाने मोजू शकत नाही. तरीही दोन्हींना शब्द एकच लागतो, याची अडचण वाटते.

अजिंठ्याची आणखी एक गोष्ट मला फळीसमोर बसले की आठवते. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी तिथे राहून वर्षानुवर्षे या चित्रांच्या मोठाल्या प्रती कापडावर उतरवल्या. त्या लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. भिंतीवरचे टिकणार नाही म्हणून सुरक्षित जागी नेलेले जळाले आणि गळक्या, वटवाघळांनी भरलेल्या लेण्यातले राहिले. भिंतीची नक्कल करून ती घरात आणणाऱ्या प्रत्येक माणसाने ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे. मी ती ठेवते, पण फळ्या रंगवणे काही सोडत नाही.

माझ्या पहिल्या प्रयत्नाची फजिती सांगायला हरकत नाही. भिंतीचा खडबडीतपणा यावा म्हणून मी ताणलेल्या कॅनव्हासवर घराच्या भिंतींना लावतात ती पुट्टी जाड थापली. वाळल्यावर ती फारच देखणी दिसली. आठ दिवसांनी चित्र उचलून दुसऱ्या खोलीत नेताना कापड हलले आणि पुट्टीला मधोमध तडे गेले. रिक्षातून एका परिचितांकडे दाखवायला नेले तोवर 'जिंदाबाद'मधला 'जिं' पिशवीत सांडला होता. कापड लवते आणि पुट्टी लवत नाही, हे कोणत्याही गवंड्याने मला फुकट सांगितले असते. तेव्हापासून मी प्लायवूडवर आले. आधी प्रायमर, मग पुट्टी, त्यावर निळीच्या छटेचे डिस्टेंपर पाणी घालून पातळ केलेले, ते वाळले की खळीने चिकटवलेली रद्दीतली पत्रके, ती अर्धवट ओली असतानाच ओरबाडून काढायची, मग त्यावर ॲक्रिलिक, आणि सर्वांत शेवटी खिळा. कागद असे फाडून उरलेल्यातून चित्र साधण्याची युक्ती माझी नव्हे. पॅरिसमध्ये जाक व्हिलग्ले आणि रेमों आँस हे दोघे १९४९ सालापासून रस्त्यावरची फाटकी भित्तिपत्रके जशीच्या तशी सोलून आणून कॅनव्हासवर चढवत होते. त्यांनी तर ब्रशसुद्धा उचलला नाही.

स्प्रेच्या डब्यांची कथा वेगळी. ते आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, बहुतेक मोटारसायकलच्या टाकीवरचे ओरखडे झाकण्यासाठी. मे महिन्यात गच्चीवर मी पहिल्यांदा डबा हलवून फवारा मारला तेव्हा रंग फळीपर्यंत पोहोचेपर्यंत हवेतच वाळला आणि फळीवर रवाळ भुकटी जमली. बेचाळीस अंशांच्या उन्हात हात जवळ न्यावा लागतो, आणि जवळ नेला की रंग साचून ओघळतो. दहा-बारा दिवसांनी अंदाज आला. आता मी ओघळ हवा तिथे आणू शकते, आणि तोच माझा दोष ठरला. तो मला दाखवून दिला तो एका पेंटरकाकांनी.

हे काका जुन्या शहरात पस्तीस वर्षे दुकानांच्या पाट्या, शटर आणि भिंती लिहीत आले आहेत. मराठी, हिंदी आणि उर्दू या तिन्ही भाषांत त्यांचा हात चालतो. डिजिटल फ्लेक्स आल्यापासून काम थोडे राहिले आहे, लग्नाच्या घरावर गणपती, भालदार-चोपदार आणि वधूवरांची नावे लिहून घेणारे लोकही शहरात कमी झाले आहेत. मी त्यांना माझी तिसरी फळी दाखवायला नेली. त्यांनी ती हातात धरून तिरकी केली, उजेडात पाहिली, बोंडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, काम झ्याक आहे. पण हे अक्षर लिव्हलेलं नाही, काढलेलं आहे."

मी गप्प बसले. गेली बावीस वर्षे मी मुलांना 'अक्षर नीट काढा' असेच सांगत आले आहे. आपल्या भाषेत वळणदार अक्षर काढावेच लागते. काकांनी खडूचा तुकडा घेऊन शेजारच्या शटरवर मला फरक दाखवला. घोषणा लिहिणारा रात्री लिहितो, डबा एकाच्या हातात असतो, ब्रश दुसऱ्याच्या, तिसरा गल्लीच्या तोंडाशी उभा असतो. त्याच्या 'ज'चा पाय घाईत बाहेर फेकला जातो आणि शिरोरेघ शेवटी एका दमात ओढली जाते, म्हणून ती उजवीकडे वर चढते. पेंटर दिवसा लिहितो. दोरी मारून वरखाली दोन रेघा पाडतो, खडूने अंदाज घेतो, करंगळी भिंतीला टेकवून चपटा ब्रश वळणावर नुसता मनगटातून फिरवतो. त्याचे अक्षर चुकत नाही, कारण चुकले तर रंग त्याच्या खिशातला जातो. "तुमचं अक्षर दोन्हीतलं नाही," ते म्हणाले, "तुम्हाला घाईबी नाही आन् पोटबी नाही." बोलता बोलता त्यांनी 'जिंदाबाद' असे लिहून दाखवले आणि मग लगेच हाताने पुसून टाकले, कारण शटर एका सराफाचे होते.

त्यानंतर मी ज्या चित्रकारांची कामे पुस्तकांतून पाहत आले होते त्यांच्याकडे नव्याने पाहू लागले. न्यू यॉर्कमध्ये टाकी १८३ या सहीने शहरभर लिहिणारा मुलगा निरोप पोहोचवण्याचे काम करीत असे. टोपणनाव आणि आपल्या रस्त्याचा क्रमांक एवढेच तो लिहीत असे, आणि जुलै १९७१मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी छापली तेव्हा त्याच्यामागे तसे लिहिणाऱ्यांची रीघ लागली. जाँ-मिशेल बास्किया १९७०च्या दशकाच्या अखेरीस मित्राबरोबर 'सॅमो' या नावाने भिंतींवर वाक्ये लिहीत होता, आणि दालनात आल्यावरही त्याचे अक्षर बदलले नाही. तो कॅनव्हासवर शब्द लिहून मग तो खोडतो आणि खोडल्यामुळे आपण तो शब्द अधिक लक्ष देऊन वाचतो. माझ्या गल्लीतल्या 'नये'चे तेच झाले आहे, खरवडणाऱ्याचा हेतू कितीही वेगळा असला तरी. बास्किया १९८८ साली सत्ताविसाव्या वर्षी गेला. कीथ हॅरिंगने १९८०नंतरची चार-पाच वर्षे भुयारी रेल्वेच्या स्थानकांतल्या रिकाम्या जाहिरात-फलकांवर लावलेल्या काळ्या कागदांवर पांढऱ्या खडूने चित्रे काढली. गाडी येईपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात रेघ पूर्ण करायची, म्हणून ती रेघ तशी आहे. या लोकांच्या ओघळांमागे घाई होती. माझ्या ओघळामागे बारा दिवसांचा सराव होता.

आपल्याकडे रोजचे शहर रंगवणाऱ्या चित्रकारांत सुधीर पटवर्धन यांच्याइतके मला कोणीच शिकवले नाही. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करता करता त्यांनी पूल, चाळी, इराण्याचे हॉटेल, लोकलमधली माणसे रंगवली. तिथे भिंतीवरचे अक्षर फारसे महत्त्वाचे नसते, भिंतीशेजारून जाणारा माणूस महत्त्वाचा असतो. अतुल दोडिया यांनी दुकानांची लोखंडी शटरेच चित्रफलक म्हणून वापरली, जी वर केली की मागे दुसरे चित्र दिसते. पंढरपुरात जन्मलेले हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत होते हे सर्वांना ठाऊक आहे. वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवर २०१४ साली दादासाहेब फाळके यांचे प्रचंड चित्र रंगवणारे रणजित दहिया हेही आधी घरांना रंग देण्याची कामे करीत. हात कामातून तयार झालेला असला की तो भिंतीवर आणि कॅनव्हासवर सारखाच चालतो, असे या सगळ्यांकडे पाहून वाटते. कलाशाळेतून तयार झालेल्या माझ्या हाताला ती सवय उशिरा लावावी लागते आहे.

मग मी कामाची अक्षरे शोधू लागले आणि ती सगळीकडे सापडू लागली. जालन्याच्या मोंढ्यात पोत्यांवर पत्र्याच्या छाप्याने मारलेली आडत्यांची आद्याक्षरे पाहिली. छापा ठेवायचा, शाईत बुडवलेला बोळा दोनदा फिरवायचा, छापा उचलायचा. शाई जास्त झाली की अक्षराच्या पोटातला पूल, म्हणजे छाप्याने कोरी ठेवलेली पट्टी, बुजतो. पॅरिसच्या भिंतींवर १९८१पासून उंदरांचे छापे मारणाऱ्या ब्लेक ल रा या कलावंताची रीत याहून वेगळी नाही. स्टीलच्या भांड्यांवरची ठिपक्या-ठिपक्यांची नावे पाहिली. आमच्या घरातल्या एका परातीवर आजीचे, आईचे आणि मावशीचे अशी तीन नावे आहेत, तिन्ही वेगवेगळ्या लग्नांतली, आणि ती परात अजून पुरणाला लागते. ती नावे वाचत मी मोठी झाले, पण ते लेखन आहे हे मला कधी सुचले नव्हते.

आणि ड्रम. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आले, एप्रिलच्या १२ तारखेला पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर, हे सर्वांच्या लक्षात आहे. त्या उन्हाळ्यात मी लातूरला नात्यातल्या एका घरी गेले होते. गल्लीत टँकरची वाट पाहत निळे ड्रम ओळीने ठेवलेले होते आणि प्रत्येक ड्रमवर ऑइल पेंटने काहीतरी लिहिलेले होते. कुठे आडनाव, कुठे 'पाटील २', कुठे नुसते 'मधले घर'. एका ड्रमवर अक्षर नव्हते, नेलपॉलिशचे पाच लाल ठिपके होते. तो कोणाचा, असे विचारल्यावर एक वृद्ध बाई म्हणाल्या, "मला लिहिता येत नाही गं बाई, पर माझं मला वळखू येतं. ठिपकं माझंच." रस्त्यावरच्या भिंतींवर बाईचा हात मला आजवर दिसला नव्हता. नागपंचमीला गंधाने काढलेले नाग, वास्तुशांतीचे हळदीचे पंजे, चुलीमागच्या भिंतीला दिलेला पोतेरा, हे सारे उंबऱ्याच्या आत. त्या वर्षी दुष्काळाने तो हात गल्लीत आणला होता. मी त्या ओळीचे एक चित्र केले, पण ते कोणाला दाखवण्याजोगे झाले नाही; ठिपके फार सुंदर आले.

अलीकडे आपल्या शहरांच्या भिंती सुंदर करण्याची लाट आली आहे. उड्डाणपुलांचे खांब, शाळांची कुंपणे, कार्यालयांच्या आवारभिंती यांवर मोर, बैलगाडी, लेण्यांतली पद्मपाणीची मुद्रा, स्वच्छतेचे संदेश आणि झाडाला मिठी मारणारी मुले रंगवलेली दिसतात. ही कामे करणाऱ्या तरुणांविषयी माझी काहीच तक्रार नाही. त्यांतले कित्येकजण माझ्याच शाळेतून गेलेले आहेत आणि चौरस फुटाला मिळणाऱ्या पैशांवर त्यांचे रंग-ब्रश येतात. तक्रार आहे ती आधी दिल्या जाणाऱ्या त्या पांढऱ्या हाताविषयी. भिंतीवर जे जे होते ते एका प्रायमरखाली गाडून वर मोर काढला की तो मोर कोणत्याही शहराचा असतो. आपल्या राज्यात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा १९९५चा कायदा आहे आणि तो असायलाही हवा. कोणाच्या दारावर कोणी गुटख्याची जाहिरात चिकटवावी हे मला मान्य नाही. पण 'विद्रूप' हा शब्द वाचला की मला नेहमी प्रश्न पडतो की मूळ रूप कोणते धरायचे. १९७८ ते १९९४ या सोळा वर्षांत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची मागणी मराठवाड्याच्या कितीतरी भिंतींनी अंगावर वागवली. त्या अक्षरांवर चुना फिरवला गेला, पुन्हा लिहिली गेली, पुन्हा फिरवला गेला. तेव्हा मी शाळेत होते आणि आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीवर पांढऱ्या चुन्याखालून निळे 'जय भीम' पावसाळ्यात आपोआप वर येत असे. चुना पातळ होता आणि अक्षर तेलरंगाचे होते, एवढेच त्याचे कारण. पण आम्हा मुलांना तो चमत्कार वाटे.

शहराच्या नावाचेही असेच थर आहेत. मलिक अंबरने १६१०मध्ये वसवलेली खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, आणि २०२३पासून छत्रपती संभाजीनगर. नव्या पाट्या करण्याचे काम त्या वर्षी पेंटरकाकांकडे बऱ्यापैकी आले. बहुतेक दुकानदार पूर्ण पाटी करीत नाहीत, शेवटच्या ओळीतल्या गावाच्या नावापुरताच रंगाचा पट्टा मारून घेतात. तो पट्टा बाकी पाटीपेक्षा ताजा दिसतो आणि नवे नाव लांब असल्याने अक्षरे दाटीवाटीने बसवावी लागतात. त्या बारीक अक्षरांत काकांचे कसब पाहावे. नावाविषयी त्यांचे मत मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. 'छ'ला जागा फार लागते, एवढे मात्र म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही शिक्षकांनी मिळून छोटे प्रदर्शन भरवले तेव्हा मी त्या भिंतीची शेवटची, सहा फुटी फळी मांडायचे ठरवले. पण तिच्यातले अक्षर मी स्वतः लिहिले नाही. रंगाचे थर, पोपडे, फाडलेले कागद, बोंड एवढे करून मी फळी रिक्षाच्या टपावर बांधून काकांकडे नेली आणि म्हटले, "काका, आता तुम्ही लिहा. जसं भिंतीवर लिहिता तसं." त्यांनी आधी मोबदल्याचे विचारले, तो ठरला, मग फळी भिंतीला टेकवून उभी केली, कारण आडव्या फळीवर त्यांना लिहिता येत नाही. दोरी मारली नाही. घोषणा त्यांनी घाईतल्यासारखी लिहिली, सूचना नीट लिहिली आणि मग त्यातला 'नये' मी खिळ्याने खरवडला. स्टंप ओढायला त्यांनी नातवाला हाक मारली. तो आला, कोळसा घेतला, आणि त्याने चौथा स्टंप काढला. का, असे विचारल्यावर म्हणाला, तिसरा जरा वाकडा आलाय. मी चौथा ठेवला.

शेवटी काकांनी न विचारता उजव्या कोपऱ्यात, ते नेहमी लिहितात तसे, बारीक ठळक अक्षरांत आपले नाव, त्यापुढे 'पेंटर' आणि खाली मोबाइल क्रमांक लिहिला. मी अडवले नाही. माझी सही फळीच्या मागच्या बाजूला आहे.

प्रदर्शन तीन दिवस चालले. माझी फळी विकली गेली नाही. एका गृहस्थांनी ती 'थोडी स्वच्छ' करून मिळेल का, असे विचारले, आणि एका सहकारी शिक्षिकेने मुलांना 'येथे लघवी' हे शब्द वाचावे लागतात याबद्दल नाराजी व्यक्त केली, जी मला पूर्ण चुकीची वाटली नाही. चौथ्या दिवशी सकाळी सामान आवरत असताना काकांचा फोन आला. तुमच्या चित्रातून काम आलं, असे ते म्हणाले. कोणीतरी दालनात उभे राहून तो क्रमांक टिपून घेतला होता. सिडकोत त्या माणसाचे भांड्यांचे नवे दुकान होत होते आणि त्याला शटरवर फ्लेक्स नको होता, हाताने लिहिलेले हवे होते. बारा बाय दहाचे शटर, दोन्ही बाजूंना कळशी आणि मधे नाव. काका गुरुवारी जाणार होते. जिन्याने वर न्यायला शिडी मिळेल का, तेवढे मी विचारून ठेवावे, असे त्यांनी सांगितले, कारण त्या माणसाला ते माझ्याच ओळखीचा समजत होते.